नवं मॉडेल, जुनाच पिस्टन

मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोच्या गाड्यांचं नवं वर्ष जानेवारीत उजाडत नाही. युरोपातले कारखाने मे-जूनच्या सुमारालाच पुढच्या सालाचं मॉडेल जाहीर करतात. ते शोरूममध्ये येऊन उभं राहिलं की शेजारची गाडी, जी गेल्या आठवड्यापर्यंत नवी होती, तिच्यावर सवलतीची चिठ्ठी लागते. दोघींत फरक काय, असं विचारलं तर माहितीपत्रक उत्साहानं सांगतं: नवे ग्राफिक्स, सीटला नवं कव्हर, सस्पेन्शनची सुधारित सेटिंग. ही सुधारित सेटिंग म्हणजे पुष्कळदा शॉकअपमधल्या दोन-चार पातळ चकत्यांची अदलाबदल. ती निरर्थक नसते. पण एवढ्यासाठी नवी गाडी घ्यायची गरज नसते, चांगला मेकॅनिक ते काम जुन्या गाडीवर एका दुपारी करून देतो.

तरीही दरवर्षीचे बदल सरसकट रंगरंगोटी म्हणून उडवून लावता येत नाहीत. टू-स्ट्रोक ऑफ-रोड मोटरसायकलच्या गेल्या पन्नास वर्षांत अशी सालं होऊन गेली, की आदल्या वर्षीची गाडी घेऊन शर्यतीला उतरणारा हरल्यातच जमा असे. आणि अशीही सालं आहेत, की कंपनी गप्प बसली असती तर बरं झालं असतं. खरा बदल कधी होतो, कशामुळे होतो आणि विकत घेणाऱ्यानं तो ओळखायचा कसा, हे पाहायला मी मुख्यतः दोन गाड्या समोर ठेवतो. एक यामाहाची वायझेड२५०, जिचं इंजिन मूलतः १९९९ सालचं आहे. दुसरी ऑस्ट्रियातल्या माटिगहोफनची केटीएम ३०० ईएक्ससी, जी २०१७ पासून आजवर दोनदा मुळापासून नवी झाली आणि मधल्या काळात तिची इंधनपद्धतही बदलली. दोन्ही विकल्या जातात, दोन्हींचे चाहते आपलीच वाट बरोबर म्हणून भांडतात.

आधी टू-स्ट्रोकचा स्वभाव. या इंजिनात कॅम नाही, फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वरखाली जाणारा पिस्टनच त्या झाकतो-उघडतो. ताजं मिश्रण आत येत असताना जळालेला वायू बाहेर जाण्याची खिडकीही उघडीच असते, त्यामुळे थोडं कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं निसटतं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात यावर युक्ती पक्की केली. सायलेन्सरचा पाइप मध्ये फुगवून पुढे निमुळता केला, की बाहेर गेलेली दाबाची लाट उलटी फिरते आणि निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ च्या स्वीडिश ग्रां प्रीच्या वेळी एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. तेव्हापासून प्रत्येक जपानी टू-स्ट्रोकचं पोट काडेनच्या पाइपसारखं आहे.

या इतिहासाचा वार्षिक मॉडेलांशी संबंध सरळ आहे. पोर्ट एक मिलिमीटर वर सरकवला किंवा पाइपचा फुगवटा थोडा बदलला, की गाडीचा स्वभाव बदलतो. कुठल्या आरपीएमला ती जोर धरते, किती झटक्यानं धरते, सगळं. कोल्हापूर-सांगलीकडे आरएक्स१०० चं पोर्टिंग करून देणाऱ्या मिस्त्रींना हे सांगायला नको. कानसीच्या चार फटक्यांत गाडी सुधारते तशीच ती बिघडतेही, हे त्यांनी कंपनीच्या पुस्तकाविना शिकून घेतलं. कारखान्यालाही तेच सोयीचं पडलं. नवं साचेकाम नाही, नवा क्रँककेस नाही. त्याच ओतीव भागात थोडा बदल, नवा पाइप, वेगळा जेट, आणि माहितीपत्रकात ‘नवं इंजिन’. सर्वांत स्वस्तात विकता येणारा बदल हा आहे.

पण सत्तरीच्या दशकात स्वस्तातल्या बदलांनी भागत नव्हतं. बेल्जियमच्या लुसियन टिल्केन्सनं मागच्या चाकाच्या दोन बाजूंचे दोन शॉकअप काढून टाकीखाली एकच लांब शॉकअप आडवा बसवण्याची कल्पना मांडली. यामाहानं ती उचलली. १९७३ साली हाकन अँडरसननं २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच मांडणीच्या जोरावर, आणि १९७५ च्या वायझेड२५० मध्ये ती कुणालाही विकत मिळू लागली. दशकाच्या सुरुवातीला मागचं चाक साधारण १०० मिलिमीटर वरखाली होत असे. दशक संपताना हा आकडा ३०० मिलिमीटरच्या घरात गेला. खड्ड्यातून सावरत जाणं आणि खड्ड्यावरून उडून पलीकडे पडणं, एवढा हा फरक. या काळात आदल्या सालची गाडी खरोखरच जुनी होत असे.

तीनशे मिलिमीटरच्या पुढे सीट इतकी उंच जाते की पाय टेकत नाहीत. तिथे अंतराची शर्यत थांबली आणि लिंकेजची, म्हणजे शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या दांड्यांची, सुरू झाली. १९८० ला कावासाकीचं युनि-ट्रॅक, १९८१ ला होंडाचं प्रो-लिंक आणि सुझुकीचं फुल फ्लोटर. पाठोपाठ पाण्यानं थंड होणारी इंजिनं आली. १९८२ च्या कावासाकी केएक्स१२५ ला पुढे डिस्क ब्रेक आला, त्याच साली वायझेड२५० ला पॉवर व्हॉल्व्ह मिळाला. हा पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे एक्झॉस्ट पोर्टची उंची कमीजास्त करणारं झाकण. हळू चालताना पोर्ट ठेंगणा, म्हणून तळात जोर. वेग वाढला की पोर्ट उंच, म्हणून वर दम. एका इंजिनात दोन इंजिनं बसवल्यासारखा हा शोध होता. माझ्या मते टू-स्ट्रोकच्या पुढच्या सगळ्या इतिहासात याच्या तोडीचा एकच बदल आला, तो सुमारे ३५ वर्षांनंतर. १९८६ च्या केएक्सला मागेही डिस्क ब्रेक आला आणि आजच्या गाडीचा आराखडा जवळपास पूर्ण झाला. दहा-बारा वर्षांत चेसीपासून ब्रेकपर्यंत सगळं पालटलं होतं.

या घाईचा बळीही सांगायला हवा. जर्मनीतली मायको ही छोटी कंपनी. तिची १९८१ ची ४९० सीसीची गाडी, दोन शॉकअपवाली, आजही अनेक जाणकार मोठ्या टू-स्ट्रोकमधली सर्वोत्तम गाडी मानतात. पण बाजारात तेव्हा एका शॉकअपचं वारं होतं. जपान्यांकडे तो आहे आणि आपल्याकडे नाही, हे मायकोला परवडेना. १९८२ ला तिनं एका शॉकअपची गाडी घाईघाईनं बाजारात आणली. शॉकअप तुटल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. पैशाची आणि घरातली इतर भांडणं होतीच. पण ज्या गाडीला हात लावायची गरज नव्हती, तिला कॅलेंडरनं हात लावायला लावलं.

अमेरिकेत १९८६ पासून मोटोक्रॉस शर्यतींत कारखान्यात खास बनवलेल्या एकट्या-दुकट्या गाड्यांना बंदी आली. शोरूममध्ये मिळते तिच्याच पायावर शर्यतीची गाडी उभी करायची, असा नियम झाला. त्यामुळे विक्रीच्या मॉडेलला एकदम वजन आलं. मोठ्या संघाला जे हवं ते आधी बाजारातल्या गाडीत असायला हवं, म्हणजे त्याचा लाभ साध्या गिऱ्हाइकालाही. नव्वदीच्या दशकातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी या एका नियमाच्या पोटी जन्मल्या, असं माझं मत आहे.

तरी तोवर मोठे शोध संपत आले होते. उरलं ते घासणं-पुसणं. १९९७ ला होंडानं सीआर२५०आर ला ॲल्युमिनियमची फ्रेम दिली. उत्पादनातल्या मोटोक्रॉस गाडीवर असं पहिल्यांदाच घडत होतं. दिसायला देखणी, पण इतकी ताठ की मनगटं दुखून येत. २००० च्या सुधारित फ्रेमनं ते बरंच सावरलं. पहिल्या वर्षीचं धाडस आणि चौथ्या वर्षीची समज, हे चित्र इथून पुढे पुन्हापुन्हा दिसतं. मग २००२ ला होंडानं त्याच गाडीचं इंजिन बदललं. मिश्रण आत घेणारा रीड व्हॉल्व्ह सिलिंडरमधून खाली क्रँककेसमध्ये नेला, पॉवर व्हॉल्व्हला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण दिलं. कागदावर सगळं पुढचं. प्रत्यक्षात नवं इंजिन जुन्याइतकं जोमदार नाही, ही तक्रार गाडी बंद होईपर्यंत मिटली नाही.

बंद होण्याचं कारण वेगळंच होतं. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीनं यामाहाच्या ४०० सीसीच्या फोर-स्ट्रोकवर अंतिम शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ती वायझेड४००एफ म्हणून विक्रीला आली. नियमांत फोर-स्ट्रोकला जवळजवळ दुप्पट सीसीची मुभा होती: १२५ च्या टू-स्ट्रोकसमोर २५० ची फोर-स्ट्रोक, २५० समोर ४५०. या सवलतीपुढे टू-स्ट्रोक टिकणं शक्य नव्हतं. होंडानं २००७ च्या मॉडेलांनंतर सीआर मालिका गुंडाळली. कावासाकी आणि सुझुकीनंही मोठ्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या थोड्याच काळात थांबवल्या. जपान्यांत उरली एकटी यामाहा.

यामाहानं जे केलं ते मला फार रोचक वाटतं. २००५ ला तिनं वायझेड२५० ला ॲल्युमिनियमची फ्रेम दिली, २००६ ला केवायबी कंपनीचा नवा फोर्क दिला, आणि हात जोडून बाजूला उभी राहिली. तो फोर्क इतका जमून आला, की पुढची पंधरा वर्षं समीक्षक दरसाल तेच लिहीत राहिले: याहून चांगला फोर्क कारखान्यातून येत नाही. २०१५ ला प्लास्टिकचे भाग नव्या वळणाचे झाले. २०१६ ला जंगलातल्या लांब शर्यतींसाठी वायझेड२५०एक्स नावाची बहीण आली, मागे १८ इंची चाक आणि सौम्य केलेलं इंजिन घेऊन. २०२२ ला अंगावरचे कपडे पुन्हा बदलले, ब्रेक सुधारले. त्या वर्षी धाकट्या वायझेड१२५ ला पूर्ण नवं इंजिन मिळालं; थोरलीचं मात्र ६६.४ बाय ७२ मिलिमीटरचं जुनंच राहिलं. रंग, स्टिकर, कधी निळी चाकं, कधी काळी. ‘ठळक नवे ग्राफिक्स’ हा इंग्रजीतला टोमणा सर्वांत जास्त याच गाडीनं खाल्ला.

पण टोमणा मारणाऱ्यानं दुकानात जाऊन पिस्टन-किटचा डबा पाहावा. एकाच डब्यावर १९९९ पासूनची सालं छापलेली असतात. पंधरा वर्षं जुनी गाडी घेतली तरी रिंग, गॅस्केट, क्लच प्लेटी नव्या गाडीच्याच बसतात. टू-स्ट्रोक शर्यतीच्या गाडीचा पिस्टन हा खर्चायचाच माल आहे. हौशी रायडरही वर्षा-दोन वर्षांत तो बदलतो. अशा गाडीला स्पेअर सहज मिळणं हे कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाइतकंच मोलाचं. यामाहानं हे ग्राहकसेवेच्या उदात्त भावनेनं केलं असं मी म्हणत नाही. क्रँककेसचे साचे करायला प्रचंड पैसा लागतो आणि थोड्या खपावर तो वसूल होत नाही, हे खरं कारण. आळसातून आलेला असो की हिशेबातून, फायदा गिऱ्हाइकाला झाला.

मग केटीएमला हे का जमलं नाही? उत्तर गाडीला लागणाऱ्या नंबरप्लेटमध्ये आहे. वायझेड बंद मैदानावर पळते; तिला रस्त्यावर जायचं नसतं, म्हणून धुराचे नियम तिला फारसे लागू होत नाहीत. ईएक्ससी ही एन्ड्युरोची गाडी. एन्ड्युरोच्या शर्यतीत जंगलातले कठीण टप्पे साध्या रस्त्यांनी जोडलेले असतात, म्हणून गाडीला दिवे, हॉर्न, नंबर आणि युरोपात रस्त्यावर चालण्याची परवानगी लागते. परवानगी आली की प्रदूषणाचे नियम आले. कच्चं पेट्रोल धुराड्यातून सोडणाऱ्या इंजिनाला ते नियम दर काही वर्षांनी गळ्याशी येतात. आपल्याकडे आरएक्स१०० पासून बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरपर्यंत सगळ्यांना याच कारणानं रस्ता सोडावा लागला. केटीएमपुढे दोनच वाटा होत्या: इंजिन बंद करणं किंवा नव्यानं रचणं.

तिची पहिली मोठी पायरी कायद्यानं नव्हे, दमलेल्या पायांनी घडवली. २००८ च्या मॉडेलला ३०० मध्ये बटण-स्टार्ट आला. चढावर, दगडांच्या खाचेत गाडी बंद पडली की किक मारायला पाय टेकायला जागा नसते; ज्यानं हे भोगलंय त्याला बटणाची किंमत वेगळी सांगायला नको. तो सुरुवातीचा स्टार्टर कटकटीचा होता, त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या बेंडिक्स गिअरची कीर्ती फारशी चांगली नव्हती, आणि दुरुस्त्या पुढची काही वर्षं चालू राहिल्या. तरी लोकांनी तो सोडला नाही.

२०१७ ला पूर्ण नवं इंजिन आलं. ७२ बाय ७२ मिलिमीटर, २९३ सीसी हे माप तेच, बाकी जवळपास सगळं वेगळं. स्टार्टर इंजिनाच्या अंगात नीट बसवला गेला. बॅलन्सर शाफ्टनं हाताला येणाऱ्या मुंग्या घालवल्या. जुन्या ३०० वर दिवसभर बसून उठल्यावर रात्री जेवताना चमचा थरथरायचा. केहीन कार्बोरेटरच्या जागी मिकुनी आला आणि तिथे मात्र बोंब झाली. कारखान्यातून आलेलं जेटिंग, म्हणजे पेट्रोलचं ठरवलेलं माप, बऱ्याच जणांना पचलं नाही. प्लग काळा, तळात गाडी गुदमरलेली. नवे जेट, नवी नीडल आणणं हा त्या वर्षीचा बिनखर्चात न होणारा छंद झाला.

आणि २०१८ च्या मॉडेलला कार्बोरेटरच गेला. आधी म्हटलेला, पॉवर व्हॉल्व्हच्या तोडीचा बदल तो हा. कंपनीनं नाव दिलं टीपीआय. ताजी हवा क्रँककेसमधून सिलिंडरकडे नेणाऱ्या मागच्या दोन वाटांच्या तोंडाशी दोन इंजेक्टर बसवले. हवा आधी आत शिरते, पेट्रोल उशिरा आणि मोजून फवारलं जातं. म्हणून निसटणारं पेट्रोल कमी. मोटोक्रॉस-एन्ड्युरोच्या गाडीवर हे मोठ्या उत्पादनात पहिल्यांदा आलं. रायडरच्या दृष्टीनं मोठा लाभ चढाचा. पायथ्याशी जमवलेला कार्बोरेटर घाट चढून गेल्यावर पातळ हवेत जास्त पेट्रोल पाजू लागतो. इंजेक्शनला संगणक असतो, तो उंची ओळखून माप बदलतो. एका दिवसात दोन हजार मीटर चढ-उतार करणाऱ्यांची जेटची डबी घरी राहू लागली. शिवाय पेट्रोल कमी लागू लागलं, म्हणजे तेवढ्याच टाकीत लांबचा पल्ला.

त्याची किंमतही होती. कार्बोरेटरच्या गाडीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल क्रँककेसमधून जातं आणि जाता जाता बेअरिंगांना वंगण देतं. टीपीआयमध्ये पेट्रोल क्रँककेसला शिवतच नाही. मग वेगळी ऑइलची टाकी आली, पंप आला, आणि त्यासोबत एक नवी धास्ती आली: पंप बंद पडला तर? टू-स्ट्रोकवाला स्वतःच्या हातानं ऑइल मोजून ओततो तेव्हा त्याला झोप लागते; यंत्र ते करतं म्हटल्यावर तो टाकीचं झाकण चारदा उघडून पाहतो. सुरुवातीच्या गाड्यांत अगदी थोड्या थ्रॉटलवर इंजिन अडखळत असल्याच्या तक्रारी झाल्या. काहींनी चक्क इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला, त्यासाठी तयार किटही निघाले. कंपनीनं दरवर्षी नकाशा बदलला, म्हणजे संगणकातली पेट्रोलची कोष्टकं. २०२० ला फ्रेम आणि अंगावरचं प्लास्टिक बदलताना बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा आणखी एक सेन्सर जोडला, आणि टीपीआय तिथे खऱ्या अर्थानं स्थिरावली. त्याच साली पाइपला लाटांसारख्या घड्या आल्या, दगडावर आपटून चेपू नये म्हणून. जुने गुळगुळीत पाइप किती सहज चेपत, हे पाहिलेल्याला या घड्या साऱ्या ग्राफिक्सपेक्षा सुंदर दिसतात.

पण टीपीआय फार काळ राहिली नाही. २०२३ च्या मोटोक्रॉस गाड्यांवर आणि २०२४ च्या ईएक्ससीवर टीबीआय आली. इंजेक्टर पोर्टमधून उठून पुन्हा थ्रॉटल बॉडीत, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या जागेजवळ आले. पेट्रोल परत क्रँककेसमधून जाऊ लागलं. मोटोक्रॉसच्या मॉडेलांत तर ऑइल पुन्हा हातानं पेट्रोलमध्ये मिसळायचं. पॉवर व्हॉल्व्ह उघडण्याचं काम आजवर फिरत्या वजनांनी आणि एका छोट्या स्प्रिंगनं होत असे. लाल, पिवळी, हिरवी स्प्रिंग बदलून रायडर गाडीचा स्वभाव बदलत. आता ते काम छोटी मोटर करते आणि हँडलवरच्या बटणानं स्वभाव बदलतो. त्याच पिढीत ईएक्ससीचा एक्सप्लोर फोर्क जाऊन बंद कार्ट्रिजचा फोर्क आला. हा बदल मात्र लोकांनी सहा वर्षं मागून घेतला होता. एक्सप्लोरचे आतले भाग फेकून बाहेरच्या कंपनीचे कार्ट्रिज घालणं हा कित्येक मालकांचा गाडी घेतल्यावरचा पहिला खर्च होता.

काही जण टीबीआयकडे माघार म्हणून पाहतात. मला ती तशी वाटत नाही. टीपीआयनं कायद्याचा दरवाजा उघडून दिला, गाडी जिवंत ठेवली. टीबीआयनं तिला पुन्हा टू-स्ट्रोकसारखं वागायला शिकवलं. केटीएमच्या मानुएल लेटेनबिखलरनं २०२२ पासून सलग काही वर्षं ऑस्ट्रियातली एर्झबर्गची लोखंडाच्या खाणीतली शर्यत ३०० वरच जिंकली. हा काळ दोन्ही पद्धतींवरून जातो. अव्वल रायडरला दोन्हीतून मार्ग काढता येतो. मॉडेलवर्षाचा खरा फरक पडतो तो आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. हुस्कवार्ना २०१३ मध्ये केटीएमच्या मालकाकडे आली, काही वर्षांनी स्पेनची गॅसगॅसही. आज नारिंगी, पांढरी आणि लाल अशा तीन ३०० गाड्या मिळतात आणि तिघींचं इंजिन एकच असतं. फरक मागच्या शॉकअपला लिंकेज आहे की नाही, ब्रेक कुणाचे, सीटखालची फ्रेम कशाची, एवढाच. केटीएमनं ईएक्ससीवर लिंकेज टाळून १९९८ पासूनची आपली पीडीएस रचना धरून ठेवली आहे. इंजिनाखाली दगडाला अडकायला काही लटकत नाही, हा तिचा मुद्दा, आणि दगडांच्या वाटेवर तो पटतो. पण तीन रंगांच्या तीन ब्रँडनी दरवर्षी तीन ‘नवी’ मॉडेलं जाहीर करायची, म्हणजे एकाच बदलाची तीनदा जाहिरात.

मग ओळखायचं कसं? माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि स्पेअर पार्टची यादी उघडा. कंपन्यांच्या भागांच्या याद्या सालवार मिळतात. क्रँककेस, फ्रेम, स्विंगआर्म आणि सिलिंडर, या चार भागांचे क्रमांक आदल्या सालाशी जुळवून पाहा. चारही तेच असतील तर गाडी तीच आहे, स्टिकर कितीही ओरडोत. क्रमांकाच्या शेवटचं एखादं अक्षर बदललं असेल तर कंपनीनं गुपचूप दुरुस्ती केली आहे. बहुधा आदल्या साली काहीतरी मोडत होतं. या गुपचूप दुरुस्त्यांची जाहिरात कधी होत नाही, कारण ती करायची तर आधीची चूक कबूल करावी लागेल. माझ्या लेखी वार्षिक मॉडेलचा सर्वांत खरा माल हाच. म्हणून पिढीचं पहिलं साल टाळावं आणि दुसरं-तिसरं घ्यावं. पहिल्या साली गिऱ्हाईकच चाचणी करत असतो, आणि त्यासाठी पैसेही तोच मोजतो.

दरवर्षी नवं काढण्याच्या सवयीचा दुसरा हिशेब २०२४ च्या अखेरीस समोर आला. करोनाच्या काळात मोटरसायकलींचा खप वाढला होता. तो ओसरल्यावरही कारखाने त्याच वेगानं चालू राहिले. न विकलेल्या गाड्या डीलरांकडे आणि गोदामांत साचल्या. त्यांच्यावर जुनं साल छापलेलं, आणि पुढचं मॉडेल दारात. जुन्यावर सूट द्यायची तर नवी कोण घेणार? कर्जाचा डोंगर झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमनं दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला, माटिगहोफनमधलं उत्पादन काही महिने थांबलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्यापैकी ३० टक्क्यांवर समाधान मानायचं ठरवलं. पैसा आला तो पुण्याहून. बजाज ऑटोनं २००७ पासून केटीएममध्ये हिस्सा घेत आणला होता. ड्यूक चाकणला तयार होत होत्या. या संकटात बजाजनं सुमारे ८० कोटी युरोची तजवीज केली आणि २०२५ मध्ये कंपनीचा ताबा तिच्याकडे आला. ज्या कंपनीनं आपल्या टू-स्ट्रोक स्कूटर नियमांमुळे बंद केल्या, तिच्याच हाती आज जगातली सर्वांत प्रगत ऑफ-रोड टू-स्ट्रोक आहे. पुण्यातले हिशेबनीस दरवर्षीच्या बदलाकडे कसं पाहतील याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. स्कूटरचं एकच मॉडेल वर्षानुवर्षं विकून नाव कमावलेलं हे घर आहे.

भारतात मात्र हा सगळा विषय बराचसा दुरूनच पाहावा लागतो. केटीएमनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या काही ऑफ-रोड गाड्या इथे अधिकृतपणे आणल्या. त्यांत मुलांच्या ५०, ६५ आणि ८५ सीसीच्या टू-स्ट्रोक आहेत, मोठ्या गाड्या मात्र फोर-स्ट्रोक. त्याच साली जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. खासगीत आयात केलेली एखादी ३०० कुणाच्या गॅरेजमध्ये असली, तरी तिच्या मालकापुढचा प्रश्न नव्या मॉडेलचा नसतो, क्लचची किंवा रिंगची ऑर्डर कधी येईल हा असतो. अशा माणसाला मी डोळे मिटून वायझेड सुचवीन.

सुचवताना एकच अडचण सांगावी लागेल: तिला २०२५ च्या मॉडेलातही किकच मारावी लागते. उलट केटीएमच्या २०२३ च्या मोटोक्रॉस टू-स्ट्रोकना बटण मिळालं आणि किक गेली. दोन टोकं. किक गेल्यानं वजन वाचलं, इंजिन आटोपशीर झालं, हे मान्य. पण छोटी लिथियमची बॅटरी, थंडीतली सकाळ, दरीत अडकून वीस वेळा बंद पडलेली गाडी, आणि चिखलात गाडी ढकलून सुरू करायला सपाट जागाच नाही, हे सगळं एका दिवशी जमून येऊ शकतं. २०१७ च्या इंजिनात केटीएमनं किक बसवायची सोय ठेवली होती, हवी त्यानं पैसे भरून घ्यावी. पुढच्या एखाद्या साली तेवढी सोय परत दिली आणि त्या सालचे स्टिकर अगदी आदल्या सालासारखेच राहिले, तरी ते मॉडेल नवं म्हणायला माझी हरकत नसेल.